शेवटच्या रिळातलं नाव

२४ नोव्हेंबर २००५, गुरुवार

एकशे चव्वेचाळीस खोकी, बारा एमएम प्लायची. प्रत्येकात चार बल्ब — लाल, हिरवा, पिवळा, निळा. वर दुधी ॲक्रिलिक, कडा मी स्वतः घासलेल्या. बोट फिरवलं तर कुठे टोचणार नाही. एक लाकडी रोलर, त्यावर पितळी पट्ट्या. रोलर फिरतो, पट्टी टेकते तो दिवा लागतो. खोक्यांचे रबरी पाय ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून कापलेले. सगळं वायरिंग. मेन बोर्ड. आणि बोर्ड ठेवायची पेटीसुद्धा, कारण बाजारात मिळते ती पेटी नाही, डबडं असतं.

हा सगळा डान्स फ्लोअर या दोन हातांनी, गोखिवऱ्याच्या गाळ्यात. कॉलेजची पायरी चढलो नाही. रेडिओ उघडून शिकलो आणि शॉक खाऊन.

उद्या ‘फ्लोअर हिला दे — भाग २’ हा पिक्चर लागतो. पहिल्या भागात फ्लोअर लहान होता, तोही माझाच. पण नावाचा पत्ता नाही! गावात कोण विश्वास ठेवणार? माझा मेव्हणा पॉल अजून म्हणतो, “भाऊजी, असे चौकोन काय, कुणाचेपण असतील.” म्हणून या वेळी करारातच लिहून घेतलं: शेवटी पाट्या येतात त्यात ‘डान्स फ्लोअर — सिप्रियन घोन्सालविस, वसई’. कंपनीचा मॅनेजर संग्राम म्हणाला, “अंकल, पडद्यावर नाव बघून रडाल.”

मी रडत नाही. शर्टाला इस्त्री मात्र केली.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

हाउसफुल! विरारच्या थिएटरात पुढून दुसऱ्या रांगेत मान वर करून बसलो — मी, रिटा आणि साक्षीदार म्हणून पॉल.

कथा? काय सांगू. हिरो कॉलेजात नाचतो, भांडतो. मग परदेशात नाचतो, भांडतो. त्याची आई मधूनमधून आजारी पडते. शेवटी तिला स्ट्रेचरवरून माझ्या फ्लोअरशी आणतात आणि ती उठून बसते. रिटा कानात म्हणाली, “करंट लागला असेल.” लागणार नाही. माझं अर्थिंग चोख आहे.

पण शेवटचं गाणं! पडदाभर माझी खोकी. चाळीस पोरं एकदम उडी मारून खाली येतात आणि एक खोकं जागचं सरकत नाही. पिक्चरचं नाव काही असो, माझा फ्लोअर हललेला नाही. फक्त सातव्या ओळीतलं एक निळं किंचित उशिरा लागतं. शूटिंगलाच मला दिसलं होतं, सांगितलंही होतं. कोण बघतंय, म्हणाले. रिटाला विचारलं, दिसलं का? “अहो, मी हिरोकडे बघत होते.”

गाणं संपलं. मिठी. पाट्या सुरू झाल्या — दिग्दर्शक, कॅमेरा... आणि फट्! पडदा काळा, दिवे चालू, दारं सताड उघडी. दारावरचा माणूस ओरडतोय, “चला चला, बाहेर पब्लिक उभं आहे!” मी म्हटलं, अहो, पाट्या राहिल्यात. “कसल्या पाट्या?”

पॉल जिना उतरताना म्हणाला, “तिसऱ्या भागात येईल बहुतेक नाव.”

२६ नोव्हेंबर, शनिवार

पेपरात परीक्षण. पाचपैकी अर्धा तारा. पूर्ण एक द्यायलाही हात झाला नाही! शेवटी लिहिलंय, ‘प्रेक्षक पायाखालच्या दिव्यांकडेच बघत राहतो, कारण त्यांच्यावर उभ्या असलेल्या कुणाकडे बघवत नाही.’

रिटाच्या मते ही शिवी आहे. मी तीनदा वाचलं. पहिला अर्धा भाग अगदी बरोबर आहे.

२७ नोव्हेंबर, रविवार

मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर गाठलं सगळ्यांनी. महिनाभर सांगत सुटलो होतो ना!

फादरांनी विचारलं, “सिप्रियन, कसा आहे पिक्चर?”

“वाईट आहे, फादर.”

“आणि तुझं नाव?”

“आहे.”

“वाचलंस?”

मागून पॉल: “फादर, यात नुसती श्रद्धाच ठेवावी लागणार.” फादरसुद्धा हसले. हसायचं काही नव्हतं.

२८ नोव्हेंबर, सोमवार

नालासोपाऱ्याला जाऊन आलो. तिथे तर मिठीसुद्धा पुरी होऊ देत नाहीत. मधली दोन गाणीही गायब.

३० नोव्हेंबर, बुधवार

आता रोज पाच खेळ. पेपरवाले म्हणाले होते, आठवडा काढणार नाही. पोरं तिसऱ्यांदा बघतायत, खुर्च्यांवर उभी राहून नाचतायत. जोपर्यंत गर्दी, तोपर्यंत पाट्या नाहीत — सरळ हिशेब. म्हणजे पिक्चर पडला पाहिजे. त्यात राबलेल्या माणसांत तो पडावा असं वाटणारा मी एकटाच असेन.

आगमनकाळ सुरू झाला, नाताळपर्यंत गावात लग्नं बंद, गाळ्यात काम नाही. म्हणून असलं काहीतरी सुचतं. संध्याकाळी मेणबत्ती घेऊन क्रुसाकडे निघालो तर रिटाने दारातच अडवलं.

“कुणासाठी?”

“पिक्चर पडावा म्हणून.”

“जरा लाज!” मेणबत्ती काढून घेतली. लाइट गेल्यावर तीच लावली.

२ डिसेंबर, शुक्रवार

दुसरा आठवडा. पडत नाही.

चंदनसारहून एक गृहस्थ आले, जानेवारीत मुलाचं लग्न. म्हणाले, “तो नाचाचा पिक्चर लागलाय ना, त्यातल्यासारखा फ्लोअर बनवाल का?”

त्यातल्यासारखा! म्हटलं, अहो, तोच आहे हा. खोक्यावर हात ठेवून दाखवला.

गृहस्थ इतके हसले की चहा सांडला. माझ्याच खोक्यावर. ॲक्रिलिक पुसून घेतलं आणि तारीख लिहून घेतली. करणार काय?

३ डिसेंबर, शनिवार

विरारच्या थिएटरात मशीन चालवतो त्या काशीरामला टपरीवर गाठलं. चहा पाजला.

“पाट्या चालू झाल्या की मशीन का बंद करता?”

“शेठ, पाच खेळ बसवायचे. पाट्यांत वेळ घालवला तर मॅनेजर मला खाईल. आणि पाट्या वाचतो कोण?”

“मी.”

त्याने ग्लास खाली ठेवला. “तुमचं कोण आहे त्यात?”

“मीच आहे.”

मग म्हणाला, “इतकी वर्षं मशीन चालवतोय, पाट्यांतला माणूस पहिल्यांदा बघतोय.” स्वतःच दुसरा चहा मागवला. पैसेही त्यानेच दिले.

शुक्रवारी सकाळी मशीन साफ केल्यावर तो एखादं रीळ लावून बघतो. येत्या शुक्रवारी शेवटचं लावेल. “पण वऱ्हाड आणू नका.”

६ डिसेंबर, मंगळवार

पॉलला सांगितलं. येतो म्हणाला — “गंमत बघायला.”

९ डिसेंबर, शुक्रवार

एवढं मोठं थिएटर आणि आम्ही तिघं. झाडणारी बाई खुर्च्यांखालून शेंगांची टरफलं काढत होती. रिटा ठेवणीतली साडी नेसून आली होती. मी म्हटलं, काळोखात कोण बघणार? “तुमच्या नावाला तरी दिसू दे,” म्हणाली.

काशीरामने आवाज बंद ठेवला होता. मुक्यानेच नाच झाला, मुक्यानेच आई बरी झाली. आवाज नसला की हा पिक्चर बराच सुधारतो! मिठी झाली. पाट्या सुरू.

रिटा एकेक नाव मोठ्याने वाचत होती, चर्चमध्ये संतांच्या नावांची लितानी म्हणतात तशी. कपडे. केस. तालीम. ड्रायव्हर — किती ते ड्रायव्हर! जनरेटर. चहा-नाश्ता. मला वाटलं, चहावाल्यानंतर काय राहिलं असणार? माझं नाव गाळलं.

आणि खालून वर आलं. ‘डान्स फ्लोअर — सिप्रियन घोन्सालविस, वसई.’

पुढची नावं तशीच न वाचता वर गेली. किती सेकंद टिकतं ते बघायला मी मनगटावरचं घड्याळ मुद्दाम पुसून आणलं होतं. बघायचं राहून गेलं.

झाडणाऱ्या बाईने विचारलं, “कोणाचं नाव आलं?”

“आमच्या ह्यांचं,” रिटा म्हणाली.

पॉल गप्प. पॉल गप्प असा मी त्याच्या लग्नात पाहिला होता, त्यानंतर आजच. मग घसा खाकरून म्हणाला, “अक्षर बारीक आहे, भाऊजी.” आणि लगेच मागे वळून वर मशीनच्या खोलीकडे ओरडला, “काशीरामभाऊ, परत लावा!”

काशीरामने रीळ गुंडाळून परत लावलं. बाई झाडू बगलेत धरून आमच्याच रांगेत बसली. या वेळी नाव पॉलने वाचलं, चर्चमध्ये वाचन करतात त्या आवाजात.

सातव्या ओळीतलं ते निळं दोन्ही वेळा उशिराच लागलं.

११ डिसेंबर, रविवार

पायऱ्यांवर आज पॉलच सगळ्यांना सांगत होता, मला तोंड उघडू देईना. घरी येताना रिटाने विचारलं, “नाव टाकायचे पैसे तर नाही ना घेतले त्यांनी तुमच्याकडून?”

“छे!”

“म्हणजे फुकटात आलं!” खूश झाली. मी हो म्हटलं.

इथे लिहून ठेवतो. सहीच्या दिवशी संग्रामने मला बाजूला घेतलं होतं. फ्लोअर कलादिग्दर्शकाच्या नावावर दाखवू, तुमची ओळ गाळू, त्याचे वेगळे पैसे देतो, रोख, आत्ता. नको म्हटलं. फ्लोअरचं जेवढं भाडं मिळालं त्याच्या दुप्पट होते ते. ऐंशी हजार.