आबांचं पत्रिकेचं सॉफ्टवेअर

आबा, लग्नपत्रिका करायचं तुमचं जुनं सॉफ्टवेअर आज माझ्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवर चालू झालं. हे सांगावं असं तुमच्याशिवाय कुणी नाही, आणि तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली.

कंधारच्या स्टँडसमोर आपलं दुकान, दुकानात एकुलता एक कॉम्प्युटर. मी नांदेडच्या कॉलेजात नुकतीच लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवायची वेगळी यंत्रणा, शिकलेली. सुट्टीत आले आणि तुम्हाला न विचारता त्यातलं सगळं पुसून लिनक्स टाकलं. फुकट आहे, व्हायरस येत नाही, असा माझा तोरा. तुमचं सॉफ्टवेअर त्यावर चालतच नाही हे दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक समोर बसल्यावर कळलं. फॉन्ट, वर्षानुवर्षं जमवलेले गणपती, सगळं गेलं. "लगनसराई चालू हाय माय, अन् तू हे काय करून ठेवलंस?" एवढंच बोललात. मग महिनाभर रोज एसटीनं नांदेडला जाऊन दुसऱ्याच्या दुकानात पत्रिका करून आणल्यात. मी माफी मागितली नाही. शिकलेली लेक होते ना.

त्या पराक्रमानंतर तुम्ही सगळं सीडीवर उतरवून ठेवायला लागलात. त्यातली एक भावाला सापडली, सॉफ्टवेअरसकट. तिच्यात त्याच्या लग्नाची पत्रिका आहे, तुम्ही केलेली. आता त्याच्या लेकीचं लग्न आहे. "आबाच्याच अक्षरात पाहिजे," म्हणतो. मी लातूरच्या घरी बसून कंटेनर केला. म्हणजे कॉम्प्युटरच्या आत एक छोटा वेगळा डबा. जुनं सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारं जुनं सामान त्या डब्यात, खिडकी तेवढी माझ्या स्क्रीनवर. बाकी कशाला धक्का नाही, काही पुसावं लागत नाही. तुमची अक्षरं उमटली तेव्हा मी हुंदके देऊन रडले, आबा. त्या सुट्टीत मला एवढं येत असतं तर!

भावानं फोनवर बजावलं, "आबाच्या नावाआधी कै. टाकायचं इसरू नको." त्याचं बरोबर आहे, गेलेल्या माणसाच्या नावाआधी ते लिहितातच. मी टाकलं. पण फाइल डब्याबाहेर न ठेवता कंटेनर बंद केला, की आत केलेले बदल जातात. मी तसाच बंद केला. पुन्हा टाकलं, पुन्हा तसाच बंद केला. शेवटी छापायला गेली ती आधीच बाहेर काढून ठेवलेली पत्रिका, कै. शिवायची. भाऊ चिडला, "लोकं काय म्हणतील?" मी म्हटलं, घाईत राहून गेलं.

राहून गेलं नव्हतं, आबा.