चांगल्या डोळ्यावरची पट्टी

पोशीर,
२० सप्टेंबर २०२४

चि. नमूस आबाचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर आपली जुंपते आणि मग तुझी आई दोन दिस माझ्याशी बोलत नाय, म्हणून लिवतो.

गणपतीत आलीस आणि तुझ्या दादाच्या, संतोषच्या पोराच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी चिकटवून गेलीस. साईराजचा डावा डोळा तिरका हाय, त्यानं कमी दिसतं, कबूल. मग तो झाक. चांगला झाकून अधू उघडा ठेवायचा, ही कुठली डाक्टरी गं? पोर उंबऱ्याला अडखळतं, ताटातला भात चाचपतं. पट्टी काढ म्हणून माझ्या गळ्यात पडतं. संतोष-सोनाली कामावर गेले की मी काढतो आणि ते यायच्या आत परत लावतो. तिरळा माणूस नशीबवान असतो, असं आपल्यात म्हणतातच.

दुसरं. डोळ्यांची सर्जन झालीस, आता बास. कर्जतला बाजारात गाळा बघितलाय. म्हाताऱ्यांचे मोतीबिंदू काढ, अख्खा तालुका दुवा देईल. नुसत्या पोरांच्या डोळ्यांचं शिकायला आणखी दोन वर्षं हैदराबादेत कशाला? पोरांना कसले आलेत डोळ्याचे आजार?

लोभ हायेच, तुझा जरा वाढव.

तुझा आबा

हैदराबाद,
२९ सप्टेंबर

ती. आबांस नमूचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग तुम्ही पट्टी काढता ते परत वाचलं. आबा, साईराजचा डावा डोळा आतून धड आहे. उजवा एकटाच सगळं उरकतो, म्हणून मेंदूनं डाव्याकडून काम घेणं सोडलंय. उजवा झाकला की डाव्याला शिकावंच लागतं. ते याच वयात होतं, मोठेपणी फारसं साधत नाही. आणि उद्या उजव्याला काही झालं तर? मोतीबिंदू काही वर्षं थांबला तरी काढता येतो. पोराचा डोळा थांबत नाही, म्हणून मी इथं आहे.

भिवपुरीच्या पॉवर हाउसात उभा जन्म कडक ड्युटी केलीत आणि नातवापुढं असे विरघळता? तो रडला तर रडू द्या, पण पट्टी काढू नका. पाया पडते तुमच्या.

रागावलात तरी माया आटू देऊ नका.

तुमची नमू

हैदराबाद,
२० नोव्हेंबर

ती. आबांस सा. न. वि. वि.

काल पोचले. दिवाळीत करवंटीखाली फटाका कुणी लावला, कपची कशी उडाली, हे मी कुणालाच विचारलं नाही. मुंबईत ऑपरेशन झालं, पण उजवा डोळा गेला. दादाला ते मीच सांगितलं. डाव्यानं साईराजला माणसाचा आकार तेवढा कळतो. निघताना मी त्याच्या समोरच उभी होते, तरी तो आत्या कुठं गेली म्हणून विचारत होता. पट्टीचा विषय मी काढला नाही, तुम्हीही काढला नाहीत.

इथं रोज त्याच्याएवढी पोरं समोर येतात आणि माझा हात चालत नाही. मी हे सोडते. कर्जतचा गाळा अजून रिकामा असेल तर घ्या. घरी राहीन, साईराजचं होईल तेवढं करीन.

आईला सांभाळा.

नमू

पोशीर,
२८ नोव्हेंबर

चि. नमूस आशीर्वाद.

गाळा घेतला नाय, घेणार नाय.

पट्टी मी काढत होतो. तुझं पत्र आल्यावरही काढत होतो. पोर हसायचं, मला बरं वाटायचं. हे मी संतोष-सोनालीला सांगितलं. सोनाली मला ताट वाढते, पण बोलत नाय. तिचं बरोबर हाय. साईराज मात्र दिवसभर माझं बोट सोडत नाय, त्याला आजाच लागतो. तेच सोसत नाय गं. त्याच्या डाव्या डोळ्याला काय काय करायचं ते कळव, आता काही चुकवणार नाय.

तू शिक. सोडून आलीस तर मला तोंड दाखवू नको. तुझ्यासमोर पोर येईल, त्याच्यामागं माझ्यासारखा एखादा म्हातारा बसलेला असंल. पोराच्या आधी त्याच्याशी बोल. तो तुझं ऐकणार नाय, मी कुठं ऐकलं? मग हे पत्र त्याला वाचून दाखव. माझं नाव गाळू नको.

लोभ ठेवायचा की नाय, ते तू ठरव.

आबाजी येसाजी कराळे
मु. पो. पोशीर, ता. कर्जत