कडेला लागलेल्या चेंडूची माफी

तीर्थरूप दाजींच्या पायांवर बारामतीहून जयवंताचं डोकं (प्रत्यक्ष टेकवायला पुण्याला यायला हवं, पण बियाण्याच्या दुकानातून सुट्टी मिळत नाही, म्हणून तूर्त कागदावरच टेकवतो). अक्काची दाढ कशी आहे? काढली असेल तर बरंच झालं. काढली नसेल तर तिला म्हणावं, आईनं लवंगा धाडल्या आहेत, पण त्या दाढेखाली धरायच्या, भातात घालायच्या नाहीत. इकडे शेळगावी आबा आणि आई खुशाल आहेत. मी कितपत खुशाल आहे ते पुढं वाचून तुम्हीच ठरवा.

दाजी, लहान तोंडी मोठा घास होतो, पण जे झालं त्याला तुम्ही जबाबदार आहात. पुण्याला तुमच्याकडे राहिलो तेव्हा तुम्ही मला टेबल टेनिस शिकवलंत, इथवर ठीक होतं. पण चेंडू जाळीला घासून पलीकडं टपकला किंवा टेबलाच्या कडेला चाटून गेला, तर गुण आपण घ्यायचा आणि वर हात करून समोरच्याची माफी मागायची, हेही तुम्हीच शिकवलंत. (गुण घ्यायचाच असेल तर माफी कशाला, असं मी तेव्हा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, सभ्य माणसं असंच करतात. मी गप्प बसलो, कारण अक्का ऐकत होती.) ही सभ्यता मी बारामतीला घेऊन आलो. इथं बाजारपेठेमागं एका जुन्या गोदामात क्लब आहे, टेबल एकच आहे, आणि त्याचा एक पाय आखूड असल्यामुळं चेंडू नको तिथं जाण्याचं प्रमाण फार आहे. त्यामुळं माझी संध्याकाळ माफी मागण्यातच जायची. लोक आधी हसले, मग तेही मागू लागले.

आता हिंदुरावांकडे येतो. वडगाव निंबाळकरचे हिंदुराव तुम्ही पाहिलेले नाहीत, कारण तुमचं अक्काशी लग्न व्हायच्या आधीच आमचं आणि त्यांचं बोलणं बंद झालं होतं. ते आणि आबा एकाच तालमीतले, एका ताटात जेवलेले. पण त्यांच्या पुतण्याच्या, सिद्धूच्या लग्नात मानाचे फेटे बांधताना आबांचं नाव इंदापूरच्या कुणा पाहुण्यानंतर पुकारलं गेलं. आबा भरल्या ताटावरून उठले ते थेट शेळगावला आले. हिंदुरावांनी माफी मागावी, असं आबांचं म्हणणं. माझ्या मांडवात ताट टाकून गेले, तर माफी त्यांच्या घरानं मागावी, असं हिंदुरावांचं. दोघंही वाट बघत बसले. त्या वाट बघण्यात दोघांचे केस पांढरे झाले.

हे हिंदुराव बाजारच्या दिवशी बारामतीला येतात. एकदा परतीच्या गाडीला उशीर होता म्हणून क्लबात डोकावले, म्हणाले हा तर पोरखेळ हाय, आणि बॅट हातात घेतली. तेव्हापासून त्यांनी क्लबातल्या निम्म्या लोकांना लोळवलं आहे. धोतराचा काचा मारून, डोक्यावर फेटा तसाच ठेवून खेळतात, आणि चेंडू असा मारतात की शड्डू ठोकल्याचा आवाज होतो. मी बाजारच्या दिवशी क्लबाकडं फिरकतच नसे. पण दिवाळीच्या सामन्यांच्या चिठ्ठ्या काढल्या आणि माझी चिठ्ठी नेमकी त्यांच्यासमोर निघाली.

सामन्याला निम्मा बाजार लोटला होता. मी ठरवलं होतं, तोंड उघडायचं नाही. खेळायचं आणि निघायचं. पण त्या आखूड पायाच्या टेबलानं माझं ऐकलं नाही. पहिलाच चेंडू जाळीवर चढला, क्षणभर विचार केला आणि त्यांच्या बाजूला गळून पडला. माझा हात आपोआप वर गेला, तोंडून निघालं, “माफ करा.” हिंदुराव थबकले. पुढचा चेंडू कडेला लागून त्यांच्या पोटावर गेला. पुन्हा हात, पुन्हा माफ करा. तेव्हा त्यांनी बॅट खाली ठेवली.

“कशाबद्दल?” त्यांनी विचारलं.

चेंडूबद्दल, एवढा एक शब्द बोलायचा होता. पण समोर तो देह, त्या मिशा, भोवती सगळा बाजार. मी म्हणालो, “झाल्यागेल्याबद्दल.”

दाजी, त्या माणसानं फेट्याच्या शेमल्यानं डोळे टिपले, टेबलाला वळसा घालून आले आणि मला असं कवळलं की दोन दिवस बरगड्या दुखत होत्या. पंच म्हणून कचेरीतले एक कारकून बसले होते, त्यांना गुण कुणाला द्यावा ते कळेना. “त्याला द्या, आन् खेळ चालवा,” हिंदुराव म्हणाले. पण त्यानंतर खेळ कसला! मी जाळीची माफी मागितली की ते कडेची मागत. मग ते स्वतःच्या चांगल्या फटक्यांचीही मागू लागले, आणि शेवटी तर माझ्या चुकांचीसुद्धा. दारात दोन व्याही ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत अडकून पडावेत तसे आम्ही अडकलो. शेवटचा माझा चेंडू सगळ्यांना बाहेर गेल्यासारखा वाटला. पंचांनी गुण त्यांना दिला. हिंदुराव म्हणाले, “न्हाय, कड लागलीया. पोर जिंकलं.” मी हात वर करणार तोच त्यांनी तो धरला आणि म्हणाले, “आता बास. पोचली.”

माझी एसटी शेळगावला पोचायच्या आत बातमी पोचली होती. आबा ओट्यावर उभे होते. घराच्या वतीनं माफी मागायला तुला कुणी पाठवलं होतं, असं त्यांनी विचारलं. मी खेळाची रीत समजावून सांगितली. कोण जिंकलं, त्यांनी विचारलं. मी, म्हटलं. मग माफी त्यानं मागायची का तू, असं म्हणून ते जे आत गेले ते जेवायलाही बाहेर आले नाहीत.

दोन दिवसांनी सकाळी दारात बैलगाडी थांबली. हिंदुराव उतरले, हातात जरीचा नवा फेटा. आबा खांबाकडं तोंड करून बसलेले. हिंदुराव पायरीवरच उभे राहिले.

“आबा, पोरानं मोठेपणा दावला. फेट्याचं माझं चुकलं. त्या वक्ताला बी ठावं व्हतं.”

आबा खांबालाच सांगितल्यासारखं म्हणाले, “भरलं ताट टाकाया नको हुतं मी.” आणि आईला हाक मारली, “पुरण घाल. हिंदुराव जेवून जाणार हायती.”

फेटा बांधून झाला. दोघं एका ताटात जेवले. मी वाढत होतो, तर आबांनी मला खाली वाकवून कानात सांगितलं, “त्या चेंडूचं त्याला काय बोलू नगंस.”

तेव्हा दाजी, तुम्हालाही विनंती, की ही माफी कसली होती ते कुणापाशी बोलू नये. हिंदुरावांना कळलं तर सगळं पुन्हा मोडेल. क्लबासाठी चार चांगले चेंडू पाठवावेत, एवढ्याचसाठी हे पत्र. अक्काला नमस्कार.

आपला आज्ञाधारक
जयवंता

ता. क. चेंडूंची घाई नाही. न पाठवले तरी चालतील.

ता. क. दुसरा. हिंदुरावांना सगळं ठाऊक आहे. घरी दोन पेट्यांवर दाराची फळी टाकून ते लेकीशी, म्हणजे विजयमालाशी, खेळतात आणि चेंडू जाळीला लागला की रीतसर हात वर करून तिची माफी मागतात. ही रीत त्यांना पहिल्याच आठवड्यात क्लबात कळली होती, असं विजयमाला सांगते. हे आबांना कळता कामा नये.

ता. क. तिसरा. विजयमालानं मला हे कधी सांगितलं ते विचारू नका. पण तुम्ही आणि अक्का दौंडमार्गे लौकर इकडं यावं. सोयरिकीचा शब्द आधी कुणी काढायचा यावर आबा आणि हिंदुराव आता पुन्हा वाट बघत बसले आहेत, आणि या खेपेला माझ्या केसांचा प्रश्न आहे. ती माझ्यापेक्षा पुष्कळ चांगली खेळते. हे मला कसं कळलं, तेही विचारू नका.