प्रबंध सुरक्षित आहे

१४ मार्च, गुरुवार
बटण पुन्हा दाबून धरलं. पंखा फिरतो, पडदा काळाच. किरकोळ बिघाड.

लॅपटॉप बायकोचा. फार रेंगाळतो, अशी तिची तक्रार. ती आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माहेरी गेली आहे. म्हटलं, येईपर्यंत वेगवान करून ठेवू. अपडेट लावलं. जेवायची वेळ झाली तरी संपेना, म्हणून मध्येच बंद केलं. कुणीही केलं असतं.

आत तिचा प्रबंध आहे. चार वर्षांचं काम. बुधवारी जमा करायचाय.

जाताना म्हणाली होती, 'लॅपटॉपला हात लावू नकोस.' सूर काळजीचा होता. मला शॉक बसेल वगैरे.

संध्याकाळी.
मेहुण्याला फोन केला. मित्राचा लॅपटॉप आहे म्हणून विचारलं. तो म्हणाला, काही न करता दुकानात द्या, फाइली काढून देतात. वर म्हणाला, 'भावजी, तुम्ही मध्ये पडू नका.' हल्ली कुणाचा कुणावर विश्वास नाही.

१५ मार्च, शुक्रवार
पोट दुखतंय सांगून रजा घेतली. दुपारनंतर खरंच दुखू लागलं.

व्हिडिओ पाहिले. पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करता येतो. तिच्या ड्रॉवरमध्ये एक सापडला, केसांच्या क्लिपांखाली, लाल दोरा बांधलेला. 'यातलं सगळं पुसलं जाईल. चालेल?' चालेल. ही यंत्रं उगाच घाबरवतात.

१६ मार्च, शनिवार
पडदा उजळला! डोळ्यांत पाणी आलं. मग पुन्हा तोच प्रश्न, आता लॅपटॉपबद्दल. या वेळी घाई केली नाही. आडवा पडून विचार केला. चार वर्षांचं काम असं एका बटणानं थोडंच जातं? चालेल.

दुपारी.
लॅपटॉप सुरू. घोड्यासारखा पळतो. प्रबंध तेवढा दिसत नाही. घर बदललं की सामान सापडायला वेळ लागतोच. चालू ठेवतो, येईल वर.

१७ मार्च, रविवार
आला नाही. कचऱ्याची टोपलीसुद्धा उघडून पाहिली. तीही नवी कोरी. नखं संपली.

सकाळपासून तिचे फोन. शेवटी उचलला. सगळं सांगून टाकलं; म्हणजे लॅपटॉप आपोआप बंद पडला, एवढं. ती म्हणाली, 'अरे, घाबरू नकोस. माझ्या ड्रॉवरमध्ये लाल दोऱ्याचा पेनड्राइव्ह आहे. निघताना अख्खा प्रबंध त्यात घेतलाय.'

मी म्हणालो, 'हो, पाहिलाय मी.'

'मग झालं तर. उद्या येतेच. जेवलास का?'

जेवलो म्हणालो.

१८ मार्च, सोमवार
सकाळी ती आली. आधी पेनड्राइव्ह पाहिला, मग लॅपटॉप. कपाटातून पहिल्या खर्ड्याचे कागद काढले, गाइडनं लाल शाईत खोडलेले, आणि पहिल्या पानापासून टाइप करायला बसली. लॅपटॉप आता रेंगाळत नाही, हे तिच्या लक्षात आलं असावं.

चहा ठेवू का, विचारलं.

म्हणाली, 'कशालाही हात लावू नकोस.'