भंगारातला लॅपटॉप कुणाचा?

डिंगोरे, गुरुवार संध्याकाळ

आज आहुप्याला फिरायला जायचं ह्या लॅपटॉपच्या भानगडीत राहूनच गेलं. दादानं भंगारात काढलेला लॅपटॉप मी मागून घेतला होता. त्यात विंडोज काढून हलकं, फुकटचं लिनक्स टाकलं, तुटलेली बिजागरी सायकलच्या ट्यूबनं बांधली, आणि गडी पळायला लागला. आता दादा म्हणतो, "लई भारी चालतोय राव, दे परत."

मी म्हणालो, "घे की. पण तुझं हिशोबाचं सॉफ्टवेअर ह्यात चालत न्हाई."

"मग तू काय करतो दिवसभर?"

गाणी, फोटो, नकाशे, सगळं दाखवलं. तो ट्यूबला हसला. ट्यूबला हसलेलं मला का लागावं?

"ठेव तुलाच. तुझ्या वहिनीचा लॅपटॉप पण लई रखडतोय, त्यात हे लिनक्स टाक."

"टाकतो. आधी म्हण, हा माझा."

"तुझाच हाय, येड्या!"

वहिनी समोरच होती. साक्षीदार पक्का.