पहिला फटका दाजींचा

९ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, पडदेही पोचले. ही म्हणते, कापड फार छान निघालंय असं ताईंना कळवा, आणि दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीतला दिवा कुणी फोडला तेही कळवा. तर कळवतो. मीच फोडला. पेशंट नव्हता म्हणून गोल्फची तीन नंबरची आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याची काठी, घेऊन नुसता हात फिरवून बघत होतो. काठी वर गेली, दिवा खाली आला. तेवढ्यात एक बाई आल्या. त्यांनी जमिनीवरच्या काचा बघितल्या, माझ्या हातातली काठी बघितली आणि दाढ आता अजिबात दुखत नाही म्हणून सांगून आल्या पावली परत गेल्या.

ताई, माझे हाल विचारू नकोस. या काठ्यांचं असं आहे की नंबर जितका लहान तितकी काठी लांब, आणि चेंडूही तितका लांब जायला हवा. सात नंबर, आठ नंबर मी झोपेतसुद्धा मारीन. पण तीन किंवा चार हातात आली की आयुष्यात पहिल्यांदाच काठी धरतोय असं वाटतं. कधी ती चेंडूच्या डोक्यावर बसते आणि तो बेडकासारखा टुणटुणत जातो. कधी चेंडूच्या आधी जमीनच खणते. आणि मधेच एकदा असा सुरेख फटका लागतो की वाटतं, आलं, जमलं! पुढचा परत बेडूक. कायमचं वाईट खेळणाऱ्याला निदान सवय तरी होते गं, माझं ते पण नाही. आता एका कोचकडे जायला लागलोय. तो म्हणतो, डॉक्टर, तुम्ही चेंडू उचलून काढायला जाता, तसं करू नका. जन्मभर दात उचलून काढणाऱ्या माणसाला हे सांगायला त्याचं काय जातंय?

गेल्या रविवारी तू बरोबर चालत होतीसच. जोडीच्या खेळात दोघांत चेंडू एकच, एक फटका दाजींचा की पुढचा माझा, हे बारा वर्षं बघूनही तू दरवेळी विचारतेस म्हणून परत लिहिलं. दाजींनी सुरुवात करायची आणि मी चेंडू तळ्यात घालायचा, असं तीनदा झालं. येताना गाडीत दाजी एक अक्षर बोलले नाहीत. स्टेशनवर सोडताना जपून जा म्हणाले, तेवढंच. रागावलेत का गं? जरा काढून घे, पण मी विचारलं हे कळू देऊ नकोस. पुढच्या महिन्यात क्लबची जोडीची स्पर्धा आहे. गेल्या वर्षी पहिल्याच फेरीत घरी आलो. यंदाही तसंच झालं तर दाजींना तोंड कसं दाखवू?

मुलांचा नमस्कार. लोभ आहेच, फक्त दिव्याबद्दल बोलू नये ही विनंती.

तुझा,
धाकटा

१५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

यापुढे पत्र माझ्या पडद्यांच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकत जा. घरी आलेलं पत्र हे आधी वाचतात आणि मग तुझं पत्र आलंय म्हणून मला देतात. या वेळी पोस्टमन मला जिन्यातच भेटला म्हणून बरं. फोन तर करूच नकोस, फोनशेजारीच यांची खुर्ची.

हे रागावलेले नाहीत. उलट तुझी कीव करतायत! क्लबात जो भेटेल त्याला सांगतात, आमच्या डॉक्टरचा हात गेला हो, काय सुंदर खेळायचा. मला हसावं की रडावं कळेना.

अरे, मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण डोळे आहेत ना! पहिल्या होलला यांचा चेंडू पूर्वी पंपाच्या खोलीच्या पुढे जाऊन पडायचा. खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून तो खोलीच्या कितीतरी अलीकडे थांबतो. मग जिथे तू सात नंबर काढायचास तिथे तुला तीन नंबर काढावी लागते. एक, तीन, पाच अशा विषम होलना सुरुवात हे करतात, आणि मेले सगळे लांब होल नेमके विषमच. म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. यातली म्हैस कोण ते मी लिहीत नाही, पत्र कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

आता खरी गोष्ट. सेक्रेटरींनी यांना गाठून विचारलं की तो नवा तरुण वकील आलाय त्याला जोडीदार हवाय, डॉक्टरांना त्याच्याबरोबर दिलं तर चालेल ना, तुम्हीही आता आराम करा. हे तडक घरी आले आणि काठ्यांची बॅग माळ्यावर टाकली. वर्कशॉपातून फोरमन म्हणून रिटायर झाले तेव्हाही हा माणूस असा भिंतीकडे बघत बसला नव्हता. हा खेळ सुटला तर हे त्या खुर्चीतून उठायचे नाहीत. मला भीती वाटते रे.

तू सरळ सांग त्यांना की विषम होलना सुरुवात मी करतो. लांबचं तू मार. जवळचा नाजूक हात यांचा अजून सोन्यासारखा आहे. इतकं साधं आहे, त्याला कोच कशाला लागतो?

प्रकृतीला जप, दिव्यांनाही.

तुझी,
ताई

२१ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

साधं आहे म्हणे! तू सांगून बघ. बारा वर्षांपूर्वी आमची जोडी जमली तेव्हा मीच म्हणालो होतो, पहिला फटका दाजींचा, जावयाचा मान आहे. दाजी नको नको म्हणाले आणि टोपी नीट करून उभेसुद्धा राहिले. तो मान आता मी परत मागू? तुमचा चेंडू पोचत नाही, बाजूला व्हा, असं मेहुण्यानं दाजींच्या तोंडावर म्हणायचं? माझी जीभ झडेल.

आणि तू लिहिलंस ते मला गेल्या वर्षापासूनच दिसतंय. म्हणून तर कोच धरला. तीन नंबर एकदा सरळ जायला लागली की दाजींचा चेंडू कुठे पडला याकडे कुणाचं लक्षही जाणार नाही. तसा माझा हात गेलेला नाही, गैरसमज नसावा. एकटा असलो की छान लागते. चारचौघांत, तळं समोर असताना आणि दाजी मागे उभे असताना तेवढी बिघडते.

वकिलाबरोबर मी खेळणार नाही. तो प्रत्येक फटक्याआधी इतका विचार करतो की चेंडूला तारीख पडल्यासारखं वाटत असेल. अगं, महिन्यातला एक रविवार पहाटे उठून गाडी पकडतो ती काय गोल्फसाठी? दाजी चालता चालता वर्कशॉपचे किस्से सांगतात, त्यातले निम्मे मला पाठ आहेत, तरी ऐकावेसे वाटतात. मला मोठा भाऊ नाही ताई. जो आहे तो हाच. तू काही बोलू नकोस त्यांच्याशी, माझं काय ते मी बघतो.

घरी सगळे मजेत. तुझा राग आला तरी लोभ तेवढाच ठेव.

तुझा,
धाकटा

२६ मार्च

चि. डॉक्टरांस,
अ. उ. आ.

मी पत्रं लिहीत नाही. वर्कशॉपात नोटिसा लिहिल्या, तेवढंच माझं लिखाण. तेव्हा ही नोटीस समज.

काल बॅग खाली काढली आणि एकटाच क्लबवर गेलो. पहिल्या होलला उभा राहिलो आणि मारला. चेंडू पंपाच्या खोलीपर्यंत गेला नाही. परत मारला, तरी नाही. मग तो पडला होता तिथे जाऊन तीन नंबर हातात घेतली आणि तुझा फटका मारून बघितला. तेव्हा समजलं की वर्षभर तुझ्या वाट्याला मी काय ठेवत होतो.

तुझा हात गेला असं मी गावभर सांगत सुटलो. ते बोलायला सोपं होतं. माझा खांदा गेला म्हणायला जीभ रेटत नव्हती. चुकलं माझं.

तू वकिलाबरोबर खेळ. तो लांब मारतो, तुला तीन नंबर काढायची पाळी येणार नाही. मी सेक्रेटरींना सांगून टाकतो. तू तोंडातून चकार शब्द काढला नाहीस, मेहुणा असावा तर असा. पण मला कुणी सांभाळून घेतलेलं आवडत नाही. आयुष्यात कधी आवडलं नाही. ताईला यातलं काही विचारू नकोस, तिनं मला काही सांगितलेलं नाही.

सौ. ला व मुलांना आशीर्वाद. येत जा. खेळ नसला म्हणून घर बंद नाही.

तुझे,
दाजी

२९ मार्च

ती. दाजींस,
सा. न. वि. वि.

नोटीस मिळाली. नामंजूर.

मी दवाखाना टाकला तेव्हा पेशंटची जुनी खुर्ची खाली जायची ती वर यायची नाही. तुम्ही रजा काढून आलात, दोन दिवस जमिनीवर उताणे पडून ती दुरुस्त केलीत आणि चहाशिवाय काही घेतलं नाहीत. तेव्हा मी म्हणालो का, की दाजी, मला सांभाळून घेऊ नका? तुमचं ते सांभाळणं चालतं आणि माझं चालत नाही, हा कुठला न्याय?

आता धीर करून मागतो. यंदा पहिला फटका मला द्या. विषम होलना मी सुरुवात करतो, सम होलना तुम्ही. मी लांब मारीन, तुम्ही जवळ आणून ठेवा. मग तीन नंबर बॅगेतून बाहेर काढायची वेळच येणार नाही, आणि माझी तीन नंबर तर अशीही फक्त लांबच्या चेंडूमुळेच बिघडली होती. मान मागतोय म्हणून राग आला तर तोंडावर रागवा, पत्रातून नको.

रविवारी, सहा तारखेला, स्पर्धेच्या पहिल्या फेरीला नेहमीच्या गाडीनं येतो. स्टेशनवर तुम्ही बॅग घेऊन दिसला नाहीत तर बाहेर पडणार नाही, तिथूनच परतीची गाडी धरीन. वकिलाबरोबर खेळायचा प्रश्नच नाही.

आशीर्वाद असावा, आणि गाडीत बोलणंही असावं.

आपला,
धाकटा

८ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तू तिथेच होतास, पण तुझं लक्ष चेंडूकडे होतं आणि माझं यांच्याकडे. म्हणून तुला न दिसलेलं लिहिते.

स्टेशनवर हे गाडी यायच्या कितीतरी आधी जाऊन उभे होते. मला म्हणाले, अगदी वेळेवर निघालो आणि उशीर झाला तर तो खरंच परत जायचा, हट्टी आहे. पहिल्या होलला तू उभा राहिलास तेव्हा यांनी टोपी काढून हातात धरली आणि दुसरीकडे बघत राहिले.  तुझा चेंडू पंपाच्या खोलीच्या पुढे जाऊन पडला तेव्हा कुठे टोपी परत डोक्यावर गेली. मग यांनी आठ नंबरनं तो अलगद झेंड्यापाशी नेऊन ठेवला. तिथपर्यंत सगळं तू लिहिलं होतंस तसंच झालं.

पण तू मोठा शहाणा! सातवा होल विसरलास. तळ्यावरून एका फटक्यात पलीकडे जायचं, तो विषमच की! इतकी वर्षं तिथे हे त्यांच्या लाकडी डोक्याच्या काठीनं सुरुवात करायचे. या वेळी पाळी तुझी. तू तीन नंबर काढलीस. या वेळी ना कुणाचा आखूड चेंडू होता, ना कुणाचा खांदा. चेंडू तुझ्या हातानं नीट खुंटीवर ठेवलेला, कोवळं ऊन, वारा नाही. आणि तू तो टुणटुणत तळ्यात घातलास. पंधरावाही तळ्यावरचाच, तिथे परत तेच!

मी घाबरून यांच्याकडे बघितलं. हे आधी गंभीर होते. मग खांदे हलायला लागले, ऑपरेशनचा सुद्धा. तुला वाटलं ठसका लागला, तू पाणी घेऊन धावलास. ठसका कुठला, हसत होते! ऑपरेशननंतर हा माणूस असा हसलेला मी बघितला नव्हता.

पुढचं तुला माहीतच आहे. तू घालवायचंस आणि यांनी जवळून कमवायचं, असं करत एका होलनं जिंकलात. पुढच्या फेरीचं काय व्हायचं ते होवो.

घरी येऊन चहाला बसले. तेवढ्यात सेक्रेटरींचा फोन, की वकिलाला अजून जोडीदार मिळालेला नाही, तर पुढच्या स्पर्धेला डॉक्टरांना त्याच्याबरोबर देऊ या का. हे म्हणाले, डॉक्टर रिकामे नाहीत, आणि तसल्या आयर्न सहन करणं नवख्या माणसाचं काम नव्हे, त्याला जुनाच माणूस लागतो. फोन ठेवला आणि मला म्हणाले, अगं, मला वाटत होतं पोरगा माझ्यापायी वाईट खेळतो, पण त्याला खरंच येत नाही! हे तीनदा म्हणाले. मग हळूच म्हणाले, त्याला माझी खरोखरच गरज आहे गं. एवढं बोलून उठले आणि स्वतःहून कपबशा विसळायला गेले. मी बाहेरच्या खोलीत येऊन डोळे पुसले.

म्हणून मोठ्या बहिणीच्या अधिकारानं सांगते, उद्यापासून त्या कोचकडे जाणं बंद. तीन नंबर सुधारलीस तर माझ्याशी गाठ आहे.

लोभ वाढवावा, खेळ मात्र आहे तसाच ठेवावा.

तुझी,
ताई