पेला माझ्यापाशी अडतो

३ ऑगस्ट

बरेच दिवस लिहायचं टाळलं. सुनिल्दा डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "देर्लिस, फिट आली नाही तरी दोन ओळी लिहीत जा." आलीच नाही, मग लिहू काय? गोळी घेतो, गोणी उचलतो, झोपतो. जूनमध्ये तपासणीला बोलावलं होतं, पण त्या दिवशी आमची बोट नदीतून वरच्या गावांकडे निघाली — आणि मी बोटीवर. धडधाकट माणसाने दाखवायचं तरी काय?

मोठी बातमी वेगळीच. कप्तान विल्फ्रिदो म्हणाला, "पुढच्या फेरीला सुकाणू तुझ्या हाती." मला!

५ ऑगस्ट

मोसंबी, कोंबड्या, एक शिलाई मशीन आणि एक नवरी चढली. नवरी मशीनवरच बसून आहे, उठायला तयार नाही.

६ ऑगस्ट

दुपारी तेरेरे. गार पाण्यातला पाला, शिंगाचा एक पेला, एकच नळी. स्वयंपाकीण सेफेरिनामावशी भरून देते. आपण ओढायचा, तिला परत करायचा, मग पुढच्याची पाळी. आज पेला माझ्या हातात असताना सगळे ओरडले, "अरे, तो माइक नाहीये. गाणं म्हणतोस का?" खूप हसले. मीही हसलो. पेला तर मी आत्ताच घेतला होता.

कप्तान आमच्यात बसत नाही. सुकाणूपाशी त्याचा वेगळा पेला, एकट्याचा. परवा भर दुपारी त्याने बोट वाळूवर चढवली आणि म्हणाला, "नदी सरकली." सरकतही असेल.

७ ऑगस्ट

परत माइक.

८ ऑगस्ट

मावशीने चुलीमागे ओढलं. "तीन दिवस बघतेय. पेला तुझ्यापाशीच अडतो. हाका मारल्या. डोळे उघडे, ओठ चघळल्यासारखे हलतायत, आणि तू जागेवर नाहीस."

"विचार करत होतो."

"तू? विचार?" मग हळूच म्हणाली, "सुकाणूवर असताना असा गेलास तर? कोंबड्या तरंगतील एक वेळ. ती नवरी?"

राग आला. मग नवरीकडे बघितलं, आणि राग गेला.

कप्तान शेजारीच दोर गुंडाळत होता. गुंडाळलेला सोडला, परत गुंडाळला. म्हटलं, "कप्तान, कोन्सेप्सियोनला पोचलो की डॉक्टरकडे जातो." त्याने एवढंच विचारलं, "ते ज्याचं त्याला कळत नाही?"

"नाही."

१३ ऑगस्ट, कोन्सेप्सियोन

बाईंनी आधी वजन केलं. "गोळी पंधरा वर्षांच्या काटकुळ्या पोराची, आणि समोर हा बाप्या. पुरेल कशी? म्हणून बोलावते. तुझं तोंड बघायची हौस नाही मला." हे हरवणं म्हणजेही फिटच, म्हणाल्या. छोटी. रक्त काढलं, गोळी वाढवली, आठवड्याने परत ये म्हणाल्या.

"आणि सुकाणू?"

"आता नाही. तपासण्या चुकवू नकोस, वर्षभर काही झालं नाही तर बोलू."

वर्षभर! बाहेर येऊन चीजचा गरम पाव खाल्ला. चव लागली नाही. मग दुसरा खाल्ला, तो बरा होता.

बोट उद्या निघणार. माझ्याशिवाय.

२० ऑगस्ट

दवाखान्याच्या रांगेत बसून लिहितोय. बोट आठवडाभर धक्क्यालाच बांधलेली होती. का, ते आत्ता कळलं — दारातून कप्तान विल्फ्रिदो आत आलाय. बगलेत त्याचा पेला. माझ्याशेजारी बसला आणि पेला माझ्या हातात ठेवला.

"तू भर," म्हणाला. "माझ्यापाशी अडला तर सांग."